लष्कराच्या कागदावर सही करण्याआधी

नमस्कार मंडळी. बसूनच बोलते, चालेल ना? सत्तावीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितलंय. आता जरा वेळ उभी राहिले की मान कुरकुरायला लागते. आजचा विषय तिथूनच सुरू होतो म्हणा.

आपल्या मंडळातल्या तीन घरांत या वर्षी डेंटल स्कूलची, म्हणजे दंतवैद्यकीच्या कॉलेजची, प्रवेशाची पत्रं आली आहेत. तिन्ही मुलं अमेरिकी लष्कराच्या शिष्यवृत्तीचा विचार करतायत, असं कळलं. एचपीएसपी, हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम. १९७२ सालच्या कायद्याने सुरू झालेली ही योजना. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिघंही देतात. कॉलेजची फी, पुस्तकं, उपकरणं, वर दर महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर हातखर्च. चार वर्षं शिष्यवृत्ती घेतली की चार वर्षं नोकरी. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्या डोक्यावर शिक्षण संपेपर्यंत सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं. त्यामुळे मुलं तिकडे वळतात यात नवल काय? मीही घेतली होती, आर्मीची, आणि पुन्हा संधी आली तर पुन्हा घेईन. ती घेऊ नका हे सांगायला मी आलेले नाही. तिच्याआधी एक कागद करा, एवढंच सांगायचंय. तो म्हणजे अपंगत्व विमा, स्वतःच्या पैशांतून घेतलेला, खासगी.

हा शब्द आपल्या घरांत पटकन पचत नाही. माझे बाबा नाशिकला असताना एलआयसीचे हप्ते न चुकता भरायचे. विमा म्हणजे दोन गोष्टी त्यांना ठाऊक. माणूस गेला तर घरच्यांना पैसे, नाही गेला तर मुदत संपल्यावर त्याला पैसे. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना घरी या विम्याचं बोलले तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, 'आणि काही झालंच नाही तर परत किती मिळणार?' काही नाही, बाबा. एक डॉलरही नाही. 'मग कशाला?' इथल्या काका-काकूंच्या चेहऱ्यावर मला आत्ता तोच प्रश्न दिसतोय.

म्हणून आधी हा विमा करतो काय ते सांगते. आजारपणाने किंवा अपघाताने तुम्हाला काम करता आलं नाही, तर ठरलेली रक्कम दर महिन्याला, साधारणपणे वयाच्या ६५ किंवा ६७ पर्यंत मिळते. पहिले ९० दिवस बहुधा काही मिळत नाही, ते आपल्या शिलकीतून काढायचे. दंतवैद्याने पॉलिसीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. अपंगत्व म्हणजे 'कुठलंच काम करता न येणं' की 'स्वतःचा व्यवसाय करता न येणं'? तुमचा हात थरथरायला लागला, तुम्ही दाढ काढू शकत नाही, पण कॉलेजात शिकवू शकता. दुसऱ्या व्याख्येत शिकवण्याचा पगार घेत असतानाही विम्याची पूर्ण रक्कम मिळते. पहिल्या व्याख्येत मिळत नाही. आणि हप्ता तुम्ही कर भरलेल्या पैशांतून भरला असेल, तर येणाऱ्या रकमेवर कर नाही.

आता तुम्ही म्हणाल, लष्कर आहे ना, ते बघेल की! बघतं. सैन्यात असताना आजारी पडलात तर पगार चालू राहतो, उपचार फुकट असतात. सुट्टीच्या दिवशी स्कीइंग करताना पाय मोडला तरी, मुद्दाम वेडेपणा केला नसेल तर, तो सेवेतलाच धरतात. हे चांगलंच आहे. प्रश्न येतो तो सैन्यात पुढे राहण्याइतके धडधाकट उरला नाहीत तर.

तेव्हा तुमची फाइल वैद्यकीय मंडळापुढे जाते आणि तुमच्या अपंगत्वाला टक्के मिळतात. ३० किंवा त्याहून जास्त टक्के असतील तर वैद्यकीय निवृत्ती आणि दरमहा निवृत्तिवेतन. त्याहून कमी असतील तर एकरकमी पैसे हातात देऊन निरोप. हे टक्के ठरतात कशावर? माणसाच्या कमाईच्या क्षमतेत 'सरासरी' किती घट झाली यावर. नियमात शब्दच तो आहे. तुम्ही दंतवैद्य, शेजारचा ट्रक चालवणारा, पलीकडचा कारकून, तक्ता सगळ्यांना एकच.

एक उदाहरण घेऊ. सगळ्यांनी तर्जनी वर करा. हं, हेच बोट. हँडपीस, म्हणजे दात कोरायचं यंत्र, धरायला अंगठ्याबरोबर हेच लागतं. हे बोट मधल्या सांध्यापासून गेलं, तर तक्त्यात त्याला २० टक्के आहेत. उजवं असो की डावं, दोन्हीला तेवढेच. २० टक्क्यांना व्हीएची, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याची, एकट्या माणसाला मिळणारी भरपाई २०२५ मध्ये महिना ३४६ डॉलर ९५ सेंट होती. सैन्यातून निरोप देताना मिळणारी एकरकमी रक्कम म्हणजे सेवेच्या दर वर्षाला दोन महिन्यांचा मूळ पगार. सेवा कमी झाली असली तरी निदान तीन वर्षं धरतात. त्याच वर्षी नव्या कॅप्टनचा मूळ पगार महिना ५,३०० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे सगळे मिळून ३२ हजारांच्या घरात. जखम लढाईतली नसेल तर व्हीए ती रक्कम नंतर मासिक भरपाईतून वळती करून घेते, हे आणखी वेगळं. सैनिकांच्या आयुर्विम्याबरोबर अपघाताची एक जोड येते, एक लाख डॉलरपर्यंतची. तिच्या यादीत अंगठा आहे, एका हाताची अंगठ्याशिवायची चारही बोटं आहेत. एकटी तर्जनी नाही.

तिशीच्या आतला दंतवैद्य, पुढे पस्तीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि हातात महिना ३४७ डॉलर. यात कुणी लबाडी केलेली नाही. तो तक्ता सैनिकांसाठी बनवलेला आहे, दंतवैद्यांसाठी नाही.

तरीही बोट जाणं विरळाच. आम्ही दंतवैद्य कामातून जातो ते मानेने, कमरेने, मनगटाने, हाताच्या त्वचेने. आणि आर्मीत त्याला भरपूर वाव. तिथे सैनिकांचे दातांवरून चार वर्ग करतात. तिसऱ्या वर्गातल्याला वर्षभरात दातांची तातडीची अडचण येईल असं धरतात, आणि त्याला मोहिमेवर पाठवत नाहीत. त्यामुळे कमांडरचा लकडा आमच्या मागे, 'डॉक्टर, माझी माणसं मोकळी करा.' एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या अक्कलदाढा मी चार वर्षांत किती काढल्या याचा हिशोब नाही. हात तिथे पक्का झाला, हे खरं. तिसऱ्या वर्षी रात्री उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, हेही खरं. झोपेतून उठून हात झटकायचे, मग जरा बरं वाटायचं. क्लिनिकला गेले, मनगटाच्या नसेची तपासणी झाली, फाइलमध्ये नोंद झाली.

आज मला मुख्यत्वे बोलायचंय ते या फाइलबद्दल.

सैन्य सगळं लिहून ठेवतं. बाहेर कुणी पाठ दुखली तर बाम चोळून झोपतो, तिथे नोंद होते. आणि सेवा संपत आली की सगळे एकच सल्ला देतात. वरिष्ठ देतात, बरोबरीचे देतात, माजी सैनिकांच्या संघटना देतात. काही लपवू नकोस, गुडघा, पाठ, कान, झोप, मन, जे जे दुखतंय ते सगळं नोंदव. बाहेर पडायच्या १८० ते ९० दिवस आधी व्हीएकडे दावा दाखल करायची सोय आहे, त्यात सगळं घाल. सल्ला अगदी बरोबर आहे. भरपाई करमुक्त असते, हक्काची असते, जरूर घ्या. मलाही मनगटाचे १० टक्के मिळाले.

पण हीच जाडजूड फाइल घेऊन तुम्ही दुसऱ्या महिन्यात खासगी विमा कंपनीच्या दारात उभे राहता! अर्जावर सही करताना तुम्ही त्यांना तुमचे सगळे वैद्यकीय कागद मागवायची परवानगी देता. ज्या ओळींनी तुम्हाला व्हीएकडून पैसे मिळवून दिले, त्याच ओळी तिथे तुमच्या विरुद्ध उभ्या राहतात. माझ्याबरोबर एक मुलगी होती, माझ्याहून हुशार. तिने शिष्यवृत्ती आधी घेतली, विम्याचं 'बाहेर पडल्यावर बघू' म्हणाली. बाहेर पडल्यावर तिला पॉलिसी मिळाली, जरूर मिळाली. मान, पाठीचा कणा आणि दोन्ही हात वगळून. दंतवैद्याला असा विमा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. तिने ती घेतली नाही, आणि आजपर्यंत देवाच्या भरवशावर प्रॅक्टिस करते आहे.

सैन्यात असताना घ्यावा म्हटलं तर दारं बहुतेक बंद. दंतवैद्यांना चांगल्या व्याख्येची पॉलिसी देणाऱ्या कंपन्या मोजक्याच, गार्डियन, प्रिन्सिपल, मासम्युच्युअल, अमेरिटास, स्टँडर्ड वगैरे. ॲक्टिव्ह ड्यूटीवरच्या, म्हणजे पूर्णवेळ सैन्यसेवेतल्या, माणसाला त्या सहसा नवी पॉलिसी देत नाहीत. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातून काही मिळतं, पण ते ठरावीक मुदतीचं. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी.

म्हणून आधी घ्यायचा. विद्यार्थ्यालाही मिळतो. उत्पन्न शून्य असलं तरी उद्याचे दंतवैद्य म्हणून ठरावीक मर्यादेपर्यंत देतात. रक्कम छोटी ठेवा, हप्ताही झेपेल. पण पुढे रक्कम वाढवायचा हक्क पॉलिसीत असलाच पाहिजे. मग वाढवताना कंपनी तुमचं उत्पन्न बघते, तब्येत बघत नाही. मुलींना एक सांगते. बायकांचा हप्ता पुरुषांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तुमच्या कॉलेजात सवलतीची किंवा दोघांना एकच दर असलेली योजना आहे का, हे आधी विचारा.

मग सैन्यात गेल्यावर त्या पॉलिसीचं काय होतं? बऱ्याच पॉलिसींत ती थांबवून ठेवायची सोय असते. ॲक्टिव्ह ड्यूटी सुरू झाली की हप्ता बंद, संरक्षणही बंद. सुटल्यावर ठरलेल्या दिवसांत, बहुधा ९०, लेखी कळवून जुना हप्ता भरला की पॉलिसी होती तशी चालू. तपासणी नाही, प्रश्न नाहीत. काहींत थांबवणं सक्तीचं असतं, काहींत तुमच्या मर्जीवर, काहींत किती वर्षं थांबवता येईल याला मर्यादा. हे कलम एजंटकडून ऐकू नका, स्वतः वाचा. आणि युद्धामुळे झालेली इजा, युद्ध जाहीर असो वा नसो, यात धरत नाहीत.

इथे एक गोष्ट कडू आहे, पण सांगायला हवी. पॉलिसी थांबलेली असताना जे झालं ते तिच्यात येत नाही. माझं मनगट उद्या त्याच जुन्या दुखण्याने गेलं, तर कंपनी वाद घालेल, आणि त्यात तथ्य असेल. पण मान, डोळे, कंबर, कॅन्सर, उद्या रस्त्यात होणारा अपघात, हे सगळं त्यात आहे. आणि तेही माझी फाइल कुणी न उघडता.

प्रश्न आलाय मागून, जरा मोठ्याने बोल हं बाळा. 'अर्जात सैन्यात जाणार आहात का असं विचारलं तर?' विचारतातच. खरं लिहायचं. शिष्यवृत्तीच्या करारावर सही होते तेव्हा तुम्हाला राखीव दलात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं, म्हणजे त्या दिवसापासून उत्तर 'हो' असंच आहे. काही कंपन्या 'हो' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यालाही घेतात, काही नाही. म्हणून मी म्हणते, डेंटल स्कूलची जागा पक्की झाली की आधी विम्याचं विचारा, मग लष्कराच्या कागदावर सही करा. खोटं लिहाल तर पहिली दोन वर्षं कंपनी तो अर्ज उकरून बघू शकते, आणि लबाडी सिद्ध झाली तर त्यानंतरही. ज्या दिवशी पैशांची गरज लागेल, नेमका त्याच दिवशी तो अर्ज बाहेर निघेल.

काकू, तुमचा प्रश्न ऐकला मी. 'मुलीची सही आता झालेली आहे, मग काय?' दोन-तीन कंपन्यांकडे विचारायचं, लाजायचं नाही, खरं सांगायचं. एका कंपनीचे सगळे नियम दुसरीला लागू नसतात. आणि तब्येतीची तक्रार अजून कुठल्याच कागदावर नसेल तर आज, या महिन्यात. मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन घेतलं असेल तर तेही विचारतात. पण त्यासाठी समुपदेशन टाळू नका, ती चूक करू नका. मुलगी आधी, विमा नंतर.

मी टेक्सासच्या तळावरून सुटले त्या दिवशी घरच्या कॅलेंडरवर आईने लाल पेनाने नव्वदावा दिवस गोल केला होता. बाबांनी विचारलं, हा कुठला सण? पत्र मी एकाहत्तराव्या दिवशी टाकलं, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. ती पावती बाबांनी एलआयसीच्या फाइलमध्ये लावली, अजून तिथेच आहे.

थांबवणं-चालू करणं याच्या कलमांच्या चार वेगवेगळ्या नमुन्यांच्या झेरॉक्स मी आणल्यात, मागच्या टेबलावर चहाशेजारी ठेवल्यात. घेताना कप जरा लांब धरा, प्रती तेवढ्याच आहेत.