कॅमेऱ्याकडे न बघणारी माणसं

(पडद्यावर: नंदुरबार, मिरचीची पथारी)

कामात रमलेल्या माणसांचे सहज फोटो कसे काढायचे, ते या फोटोंवरून बघू. हिवाळ्यात नंदुरबारच्या आजूबाजूला मोकळ्या जागांवर मिरची वाळत पडते आणि तिच्यात बसून बाया देठ खुडतात. या फोटोतल्या बाईनं नाकातोंडावर पदर घट्ट बांधलाय. दिसतात ते फक्त डोळे, आणि ते शेजारणीकडे वळून हसताहेत. बोटं मात्र थांबलेली नाहीत.

पथारीवरचा फोटो बिघडतो तो लाल रंगामुळे. चौकट लालेलाल झाली की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं आपोआप साधलेला रंगांचा तोल) लाल कमी करायला जातो आणि चेहरे निळसर, आजारी दिसू लागतात. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करायचा, ५२०० ते ५५०० केल्विन. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेखही इथे फसवतो. तो ठीक दिसत असताना लाल रंग आतून फुटलेला असतो. मिरचीच्या सुरकुत्या जाऊन नुसता लाल थर उरतो. लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, दोन तृतीयांश स्टॉप उतरवावं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). डोक्यावर ऊन आलं की हीच मिरची उपयोगी पडते. तिच्यावरून परतणारा उजेड पदराखालच्या सावल्या उजळवतो. चेहऱ्यावर थोडी लाली चढते, ती राहू द्यावी. ती त्या जागेचीच आहे. लेन्स मात्र तिथे बदलू नये. मिरचीची भुकटी सेन्सरवरही बसते आणि डोळ्यांतही जाते.

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा दिसला की माणूस सावरून बसतो. त्यावर लपणं हा उपाय नाही. झाडाआडून २०० मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं काढलेला फोटो लगेच ओळखू येतो: मागचं सगळं पुसलेलं, माणूस कुठे आहे, कोणासोबत आहे, काही कळत नाही. ३५ मिलिमीटरची रुंद लेन्स घ्यावी, कॅमेरा गळ्यात उघडा ठेवावा, जवळ जाऊन रामराम करावा. ‘भाऊ, काम चालू द्या, मी थोडे फोटो घेतो, चालेल ना?’ अहिराणी येत असेल तर ‘काय करी ऱ्हायना भाऊ?’ एवढ्यावर गप्पा सुरू होतात. पहिले फोटो ताठ येतात, मान सरळ, हात मांडीवर. तेही मनापासून काढायचे, कारण घरच्यांना तेच हवे असतात. मग थांबायचं. हाताला काम असलेला माणूस फार वेळ कॅमेरा लक्षात ठेवू शकत नाही. देठ खुडणारी, केळीचा घड उतरवणारा, वांगी भाजणारा, यांचे फोटो सहज येतात. रिकाम्या बसलेल्या माणसाचा तसा फोटो सगळ्यांत अवघड.

(पडद्यावर: सारंगखेडा, घोडेबाजार)

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. इथला आवडता फोटो दौडीचा नाही. एका म्हाताऱ्यानं घोडीचा ओठ वर केलाय आणि दात बघून तो वय जोखतोय. मागे मालक त्याच्या तोंडाकडे बघतोय. सगळा सौदा त्या दोन चेहऱ्यांत आहे.

हा क्षण दोन-तीन सेकंदांचा. ऑटोफोकस घोडीच्या लगामावर अडकला तर तो गेलाच. म्हणून फोकस आधीच बांधून ठेवतात. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ३५ मिलिमीटर लेन्स, अॅपर्चर (लेन्सच्या तोंडाचा आकार) एफ ८ आणि हातानं ३ मीटरवर लावलेला फोकस: साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २०० ठेवला तर शटर १/८०० सेकंदाच्या आसपास मिळतं. बोलणाऱ्या हातांना १/२५० पुरतं, उधळलेल्या घोड्याला १/१००० लागतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा चौकटीत भरला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि रापलेला चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवावं आणि फाइल रॉ (सेन्सरनं टिपलेली, कॅमेऱ्यानं न आवळलेली) ठेवावी, म्हणजे सदऱ्याची वीण जरा ताणली गेली तरी परत आणता येते.

आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावायचा मोह होतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे धावत्या घोड्याचे पाय तिरके होतात. तिथे मेकॅनिकल शटरच बरं. घोड्याच्या मागे उभं राहू नये, फ्लॅश मारू नये. कान मागे दाबले गेले की चार पावलं सरकावं, फोटो राहिला तरी चालेल.

चाळीसगावचे केकी मूस, १९१२ ते १९८९, आयुष्याचा मोठा काळ घरातच राहिले आणि टेबलावर वस्तू मांडून, उजेड रचून त्यांनी छायाचित्रं घडवली. प्रत्येक सावली त्यांच्या हुकमातली. बाजारातला फोटो याच्या अगदी उलट वाटतो, पण एक गोष्ट तीच आहे: उजेड आधी, विषय नंतर. चांगल्या उजेडाची, मोकळ्या पार्श्वभूमीची जागा आधी धरायची आणि माणसं तिथे येण्याची वाट बघायची.

(पडद्यावर: खापरावरचे मांडे)

स्वयंपाकघरात तर हे फारच खरं. चुलीवर पालथं खापर, दारातून येणारा एकच उजेड, वर धूर. दार कॅमेऱ्याच्या पाठीशी असेल तर धूर पांढरा पडदा होतो. दार समोरून थोडं बाजूला ठेवलं की धुराची रेघ दिसते आणि कणकेची कडा चमकते. नेमका क्षण ठरलेला: पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरते आणि खापरावर टाकण्याआधी बाई किंचित मागे झुकते. एफ २.८, १/२००, आयएसओ १६०० ते ३२००. ट्यूबलाइट बंद करायला सांगावं. चुलीचा पिवळा, दाराचा निळा आणि ट्यूबचा हिरवट उजेड एका चेहऱ्यावर जुळत नाहीत.

सातपुड्यात काठी गावची होळी पहाटे पेटते. उजेडाची मोजणी ज्वालेवर केली तर माणसं काळी होतात. ती आगीच्या उजेडातल्या गालावर करावी, व्हाइट बॅलन्स ३००० केल्विनच्या आसपास. मोरपिसांचा टोप घातलेला माणूस व्रतात असतो, तो आपल्यासाठी नटलेला नाही. त्याला थांबवू नये, वळवू नये, आणि आधी गावातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. मुलांचा फोटो असेल तर आई-बापाला दाखवून त्यांचा होकार घ्यावा. कोणी ‘पुसून टाका’ म्हणालं तर त्याच्यासमोर पुसावा, कितीही चांगला आला असला तरी.

फोनवरही हे सगळं जमतं. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करायचं. पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा; तो पदराची झालर आणि कानातले डूल खाऊन टाकतो. चेहरा चौकटीच्या कडेला नेऊ नये, रुंद लेन्स तो ताणते.

आणि फोटो माणसांना नेऊन द्यावेत, कागदावर छापलेले. फोनचा फोटो ४:३ असतो, ४ बाय ६ इंचाचा कागद ३:२. लॅबमध्ये तसाच दिला तर आडव्या फोटोच्या वरची-खालची पट्टी कापली जाते आणि आजोबांचा फेटा अर्धा जातो. स्वतः कापून द्यावा, नाहीतर पांढरी किनार ठेवून पूर्ण छापायला सांगावं. मागे गाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहावी. शाईचा डाग पुढच्या प्रिंटवर उमटतो.