कुटुंबाची गाडी मागच्या सीटवरून निवडावी

श्रोतेहो, गाडी घ्यायची ठरली की आपल्या घरात आधी ॲव्हरेज आणि ऑन-रोड किमतीची चर्चा होते, मग रंगाची, आणि शेवटी सनरूफ हवे की नको यावर दोन तट पडतात. शोरूममध्ये घरातला कर्ता माणूस स्टिअरिंगमागे बसतो, समोरचा मोठा स्क्रीन पाहतो आणि त्याचे मन बहुतेक तिथेच ठरते. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची ते आईवडील आणि मुले मात्र मागे दोन मिनिटे बसून, "छान आहे" म्हणून उतरतात. कुटुंबाची गाडी मागच्या सीटवर बसून निवडावी, एवढेच मला आज सांगायचे आहे. मी पंचवीस वर्षे चाकण परिसरात मोटारींच्या अंतर्भागाच्या कामात घालवली; पण ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने उमगली ती आईला घेऊन कोल्हापूरला जाताना.

तेव्हाची आमची गाडी देखणी होती, टॉप मॉडेल होती. अंबाबाईच्या दर्शनाला निघालो, खंबाटकी घाट चढून उतरलो आणि साताऱ्याच्या अलीकडेच आईने पाठीशी घ्यायला उशी मागितली. कराडला चहासाठी थांबलो, तेव्हा ती उतरून दाराची चौकट धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तक्रार तिने केली नाही. "पाय जरा अवघडले" एवढेच म्हणाली. घरी आल्यावर मी मागच्या सीटवर पट्टी लावून पाहिली. बैठकीची कड गुडघ्याच्या वीतभर मागेच संपत होती, आणि पायाखालचा तळ उंच असल्यामुळे गुडघे वर उचलले जात होते. मांडीला आधार नसला की शरीराचा बराचसा भार माकडहाडापाशी येतो. पाच तासांच्या प्रवासात आईने तो भार मुकाट्याने सोसला होता.

म्हणून सीटपासून सुरुवात करू. मागे टेकून बसल्यावर गुडघ्याची खोबण आणि बैठकीची कड यांच्यात तीन-चार बोटांचे अंतर राहिले, तर मांडीला पुरेसा आधार आहे असे समजावे. शोरूममध्ये जी सीट फार मऊ लागते ती दोन तासांनी बहुधा त्रास देते, कारण फोम दबून शरीर खालच्या सांगाड्यावर टेकू लागते. चांगली सीट पहिल्या क्षणी किंचित कडकच वाटते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बैठकीची उंची घरातल्या खुर्चीएवढी असावी, म्हणजे खाली वाकून शिरावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही. आपल्याकडे लांबीचाही प्रश्न आहे. 2006 पासून चार मीटरच्या आतल्या, ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळत आली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा पेट्रोल व डिझेल गाड्यांवर 18 टक्के, तर त्याहून मोठ्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. त्या चार मीटरांत इंजिन, धडकेसाठी राखलेली जागा, माणसे आणि डिकी असे सगळे बसवायचे म्हटले की मागच्या बैठकीच्या लांबीला कात्री लावणे सोपे पडते. सगळ्याच छोट्या गाड्या वाईट असतात असे नाही, पण तिथे पट्टी बरोबर घेऊन जावे.

आता सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली धक्के झेलणारी जोडणी. माणूस चालताना त्याचे शरीर सेकंदाला साधारण दीड-दोन वेळा वरखाली होते आणि त्या लयीची आपल्याला जन्मापासून सवय असते. त्यामुळे गाडीचा सांगाडा सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावला तर तो सुखकर वाटतो. बसलेल्या माणसाला उभे हादरे सर्वाधिक जाणवतात ते सेकंदाला चार ते आठ या वेगाचे, कारण पोट आणि पाठीचा कणा त्याच पट्ट्यात जोराने थरथरतात. उलट अगदी संथ, दोन-पाच सेकंदांना एक अशा डुलण्याने मळमळ होते; ताम्हिणीच्या वळणांवर मुलांना उलटी होते ती बऱ्याच अंशी यामुळेच. म्हणजे नुसते मऊ सस्पेन्शन म्हणजे आराम नव्हे. खड्ड्याचा धक्का गिळणारी आणि वळणावर फार न कलंडणारी गाडी ती खरी आरामदायी.

यात टायरचा वाटा लोक विसरतात. टायरवर 215/60 आर 17 असे लिहिलेले असते, त्यात 215 ही मिलिमीटरमधली रुंदी आणि 60 म्हणजे त्या रुंदीच्या टक्क्यात रबराच्या भिंतीची उंची, अर्थात 129 मिलिमीटर; शेवटचे 17 म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. रिम मोठी आणि ही भिंत बुटकी झाली की गाडी रुबाबदार दिसते, पण रस्त्याची प्रत्येक भेग थेट पाठीला कळते. पुण्यातल्या खोदलेल्या रस्त्यांसाठी मी तर एक इंच लहान रिमचे मॉडेल आवर्जून मागेन, आणि उरलेले पैसे पुढच्या टायरांसाठी ठेवीन.

शांततेबद्दल बोलायचे तर उद्योगात आवाज, कंपन आणि खरखर यांच्या या शास्त्राला एनव्हीएच म्हणतात आणि आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत त्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. आवाज दहा डेसिबलने वाढला तर कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो, म्हणून दोन-तीन डेसिबलसाठीही अभियंते महिनोन् महिने झटतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची गुरगुर डांबरी रस्त्यापेक्षा जास्त येते, आणि वेग ऐंशीच्या पुढे गेला की वाऱ्याचा आवाज वाढू लागतो. तीन सिलिंडरचे इंजिन सिग्नलला उभे असताना चारच्या तुलनेत अधिक थरथरते. चांगल्या माउंटिंगने, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकवतात त्या रबरी आधारांनी, ते बरेच झाकता येते, पण सिग्नलवर मागच्या दारावर तळहात ठेवून ते स्वतः अनुभवावे.

अंतर्भागाचा दर्जा डोळ्यांनी नव्हे, बोटांनी पाहायचा असतो. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला कोणी हात लावत नाही, तरी तिथला मऊपणा दाखवून गाडी विकली जाते. हात रोज लागतो तो दाराच्या मुठीला, आर्मरेस्टला, काचेच्या बटणांना, गिअरच्या दांड्याला. मुठीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने बोट फिरवा. साच्याची धारदार रेघ बोटाला लागली, तर कारखान्याने कुठे हात आखडता घेतला ते कळते. आर्मरेस्टवर कोपर रेटून पाहा, आवाज येता कामा नये. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत प्लास्टिकचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि सैल जोडणी करकरू लागते. नव्या गाडीत जो आवाज नाही तो तिसऱ्या उन्हाळ्यात येतो तो यातूनच. चकचकीत काळ्या पट्ट्या मला मुळीच आवडत नाहीत, कारण फडके फिरवले तरी त्यांवर ओरखडे उठतात. फिकट रंगाच्या सीट प्रसन्न दिसतात, पण जुलैच्या चिखलात मुले आणि फिकट रंग यांचे जमत नाही. साधे, घट्ट विणीचे कापड कृत्रिम चामड्यापेक्षा आपल्या हवेला अधिक मानवते, असे माझे मत आहे.

सुरक्षिततेबाबत एवढेच, की 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही गाड्यांची धडक-चाचणी सुरू झाली आहे, तिचे गुण पाहावेत, आणि मागे मध्ये बसणाऱ्यालाही हेडरेस्ट व तीन बिंदूंचा पट्टा आहे ना हे तपासावे.

चार माणसांच्या घरासाठी मी आजही सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी, सुचवतो. आपल्या चाकणलाच तयार होणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर 2651 मिलिमीटर आहे, आणि मागे पाय सुखाने पसरतात. मात्र बैठक खाली असल्यामुळे सत्तरीतल्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो. आजीआजोबा रोज बरोबर येणार असतील तर इनोव्हा हायक्रॉससारखी उंच बैठकीची गाडी बरी.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा माणूस गुळगुळीत रस्त्यानेच नेतो. आपण विनंती करून गल्लीतले स्पीड ब्रेकर, एखादा खोदलेला रस्ता आणि चांदणी चौकाकडचा चढ घ्यावा. गाणी बंद ठेवावीत आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी. पुढच्या खेपेला मी तसेच केले. आईला मागे बसवले, शेजारी मी बसलो. तासाभराने ती दाराची चौकट न धरता उतरली आणि तिने एकच विचारले, उन्हाच्या बाजूच्या खिडकीला पडदा मिळतो का. तो मधल्या मॉडेलला होता, म्हणून आम्ही मधले मॉडेल घेतले.