संगणक स्वतः जोडावा की तयार घ्यावा?

नमस्कार श्रोतेहो.

टेबलावर ठेवायचा नवा संगणक घ्यायचे ठरले की पैशांच्या प्रश्नापाठोपाठ आणखी एक प्रश्न उभा राहतो. एखाद्या कंपनीने बनवलेला तयार, म्हणजे ज्याला आपण ब्रँडेड म्हणतो तसा संगणक घ्यावा, की सुटे भाग आणून तो आपणच असेंबल करावा? आज मी याच प्रश्नाविषयी बोलणार आहे आणि माझे मत आधीच सांगून ठेवतो. ज्याच्याकडे एक मोकळा दिवस आहे, सूचनापुस्तिका सावकाश वाचण्याची तयारी आहे आणि ज्याला तो संगणक पुष्कळ वर्षे वापरायचा आहे, त्याने तो स्वतः जोडावा. ज्याला हे जमण्यासारखे नाही त्याने तयार संगणक जरूर घ्यावा, मात्र त्यातला प्रत्येक भाग पुढे खुल्या बाजारातून आणून बदलता येईल, याची खात्री करून घ्यावा.

सुटे भाग आणून संगणक जोडता येतो हे आज आपल्याला साहजिक वाटते, पण ते आपोआप घडलेले नाही. १९७५ साली आलेला ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक हौशी लोकांनी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मागवला आणि सोल्डरिंग करून जोडला. त्यात चूक झाली तर ती शोधायला इलेक्ट्रॉनिक्सचे चांगले ज्ञान लागत असे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला ‘पीसी’ बाजारात आणला तेव्हा त्यातला प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, इंटेलचा होता, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची होती आणि सर्किटचे आराखडे कंपनीने स्वतःच तांत्रिक पुस्तिकेत छापले होते. त्यामुळे त्याच्याशी जुळणारी यंत्रे आणि कार्डे बनवणे इतरांना शक्य झाले. पुढे १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे मानक आणले. मदरबोर्डाचा, म्हणजे सारे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य पटाचा, आकार ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूंच्या भोकांच्या जागा अमुक, मागच्या जोडण्यांची चौकट एवढी, वीज घेण्याचा जोड असा, हे सगळे त्यात ठरवून दिले. एका कंपनीचे कॅबिनेट, दुसरीचा मदरबोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आज एकमेकांत मुकाट्याने बसतात ते या मानकामुळे. माझ्या दृष्टीने स्वतः जोडलेल्या संगणकाचे खरे मोल या मानकात आहे. बचत वगैरे त्यानंतरची.

तयार संगणकांपैकी अनेक, विशेषतः कार्यालयांसाठी बनवलेले आटोपशीर संगणक, हे मानक पाळत नाहीत. मदरबोर्डाचा आकार त्या कंपनीचा स्वतःचा असतो, वीजपुरवठ्याचा जोड वेगळा असतो आणि कधीकधी पंख्याची तारही नेहमीच्या चार पिनांची नसते. नवा असेपर्यंत याने काही बिघडत नाही. पाच वर्षांनी एसएमपीएस जळाला आणि त्या आकाराचा दुसरा कोठे मिळेना, म्हणजे याचा अर्थ कळतो: प्रोसेसर, रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती), डिस्क सारे धडधाकट असताना केवळ एका भागासाठी संपूर्ण यंत्र अडगळीत जाते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहा. एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर २०१७ साली आले ते ‘एएम४’ नावाच्या सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागेवर. त्या वर्षी घेतलेल्या पुष्कळ मदरबोर्डांवर, नुसते बायोस (संगणक सुरू करणारी, मदरबोर्डावरचीच मूळ प्रणाली) अद्ययावत करून, २०२० नंतर आलेले कितीतरी वेगवान प्रोसेसर बसवता आले. ज्यांनी ते केले त्यांना कॅबिनेट, एसएमपीएस, रॅम, डिस्क यांपैकी काहीही बदलावे लागले नाही. प्रत्येक सॉकेट इतके दीर्घायुषी नसते. इंटेलच्या ‘एलजीए १७००’ सॉकेटवर प्रोसेसरांच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीनंतर मुख्य मालिकेतली पुढची पिढी आली नाही. म्हणून प्रोसेसर निवडताना त्याच्या वेगाइतकाच त्याच्या सॉकेटचा विचार करावा.

आता एसएमपीएसविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण खरेदीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग हाच आहे. संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक अक्षरांत असते, रॅम किती आणि डिस्क किती हेही असते, परंतु वीजपुरवठा कोणत्या बनावटीचा आहे याचा बहुधा उल्लेखच नसतो. ज्याची चौकशी कोणी करत नाही तिथेच काटकसर केली जाते. वास्तविक भिंतीतून येणारी वीज संगणकाला मानवेल अशा कमी दाबाच्या एकदिश (डीसी) विजेत बदलून प्रत्येक भागापर्यंत पोहोचवणे हे काम याच डब्याचे असते, आणि तो बिघडताना सोबत आणखी काही घेऊन जाऊ शकतो. त्यावर ‘८० प्लस’ असे चिन्ह असेल तर त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर त्याची कार्यक्षमता किमान ८० टक्के भरली, एवढेच ते मूळ चिन्ह सांगते. संगणकाला आतून ४०० वॅट लागत असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ५०० वॅट घेतो आणि मधले १०० वॅट उष्णता होऊन जातात. ब्राँझ, गोल्ड वगैरे वरच्या श्रेणींमध्ये हा अपव्यय कमी होतो. परंतु दाब वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर तो वेळेवर बंद पडेल की नाही, याची हमी हे चिन्ह देत नाही. त्यासाठी मॉडेलची स्वतंत्र परीक्षणे वाचावीत आणि वॉरंटीचा काळ पाहावा. चांगल्या एसएमपीएसवर निर्माते सात ते दहा वर्षांची वॉरंटी देतात.

रॅमच्या बाबतीतही तयार संगणकात एक गोष्ट वारंवार आढळते. १६ जीबी रॅम असल्याचे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते, पण ती एकाच पट्टीत दिलेली असते. नेहमीच्या मदरबोर्डावर रॅमसाठी दोन मार्ग असतात; ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही मार्ग वापरले जातात, एकच पट्टी लावली तर एक मार्ग रिकामा राहतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला चित्रांसाठीही हीच रॅम वापरावी लागते, त्यामुळे तिथे हा फरक सहज जाणवतो.

जोडणीची भीती अनेकांना असते, आणि ती दूर व्हावी असे मला मनापासून वाटते. हे काम ताकदीचे नसून क्रमाचे आहे. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर टेबलावर असतानाच त्यावर प्रोसेसर, रॅम आणि एम.२ प्रकारची एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पातळ डिस्क) बसवून घ्यावी. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर लहानसा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. आजच्या बहुतेक सॉकेटांत अत्यंत नाजूक पिना असतात आणि त्या वाकल्या तर मदरबोर्ड हातचा जातो. रॅमची पट्टी मात्र चांगली दाबावी लागते. ती खटका वाजेपर्यंत आत जायला हवी. चार खाचा असतील आणि दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या लावाव्यात, असे बहुतेक पुस्तिकांत सांगितलेले असते. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डाखाली येणारे पितळी आधारखुंट बरोबर भोकांखालीच आहेत ना, हे बोर्ड ठेवण्याआधी पाहावे, कारण भलत्या जागी राहिलेला खुंट बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट सर्किट करू शकतो. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा काढायला पुष्कळजण विसरतात. तसाच प्रोसेसरला वीज देणारा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा जोडही राहून जातो. तो नसेल तर पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही. आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची तार त्या कार्डाला लावायची, मदरबोर्डाच्या जोडणीला नाही.

एक सूचना मात्र मी आग्रहाने करीन. एसएमपीएसच्या ज्या तारा सुट्या होतात त्या दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची रचना कोणत्याही मानकाने ठरवलेली नाही; तार सहज बसते, आणि चुकीच्या पिनेवर चुकीचा दाब गेल्याने डिस्क जळू शकते.

सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबले की पडदा काळाच राहतो आणि मन घाबरे होते. डीडीआर५ या प्रकारची रॅम असलेला संगणक पहिल्या वेळी त्या रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटे घेतो, हे ठाऊक नसल्यामुळे लोक घाईघाईने वीज बंद करतात. थोडे थांबावे. संगणक चालू झाला की बायोसमध्ये जाऊन रॅमचा छापील वेग सुरू करावा. इंटेलकडे या सोयीला ‘एक्सएमपी’ आणि एएमडीकडे ‘एक्स्पो’ म्हणतात. हे केले नाही तर ६००० वेगाची म्हणून आणलेली रॅम वर्षानुवर्षे ४८०० च्या आसपासच धावत राहते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. आतल्या तारा नीट गुंडाळून बांधून टाकाव्यात, म्हणजे हवा मोकळी वाहते. मला स्वतःला साऱ्या जोडणीत या शेवटच्या कामात सर्वांत जास्त समाधान वाटते.

तयार संगणकाची बाजूही मी तेवढ्याच गांभीर्याने मांडतो. बिघाड झाला की एकाच ठिकाणी तक्रार करायची आणि दोष कोणत्या भागात आहे हे शोधणे त्यांचे काम, ही सोय मोठी आहे. स्वतः जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. खोक्यातून विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरची साधारण तीन वर्षे असते आणि अनेक निर्मात्यांच्या रॅमची आजीवन असते, म्हणजे काळ बहुधा जास्तच मिळतो. पण दोष नेमका कशात आहे हे आपल्याला शोधावे लागते आणि त्यासाठी पडताळून पाहायला हाताशी दुसरा भाग लागतो. ज्याचे रोजचे उत्पन्न त्या एका यंत्रावर अवलंबून आहे आणि ज्याला एक दिवसही थांबणे परवडत नाही, त्याने या सोयीसाठी जास्त पैसे मोजले तर ते योग्यच आहे.

किमतीच्या बाबतीत एकच एक नियम नाही. साध्या कामाचा स्वस्त संगणक तयार घेणेच बहुधा परवडते, कारण मोठ्या कंपन्यांना भाग आणि ऑपरेटिंग सिस्टीम घाऊक दरात मिळते. ग्राफिक्स कार्ड असलेल्या वरच्या श्रेणीत स्वतः जोडण्याने तेवढ्याच पैशांत अधिक चांगले भाग मिळू शकतात. २०२० ते २०२२ या काळात ग्राफिक्स कार्डांची टंचाई होती तेव्हा हेही उलटे झाले होते, आणि केवळ आतल्या कार्डासाठी लोक तयार संगणक घेत होते. हिशेब करताना विंडोजच्या परवान्याची किंमत धरायला विसरू नये. तयार संगणकासोबत येणारा परवाना त्याच यंत्राच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तर किरकोळ विक्रीत स्वतंत्र घेतलेला परवाना पुढच्या संगणकावर नेता येतो. लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्याला हा खर्चच नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक एकदम जुने ठरले. ज्यांचे यंत्र मानकानुसार जोडलेले होते त्यांना मदरबोर्ड, प्रोसेसर आणि गरज पडल्यास रॅम बदलून उरलेले सगळे ठेवता आले. ज्यांच्या कॅबिनेटमध्ये दुसरा मदरबोर्ड बसतच नव्हता, त्यांच्यापुढे हा मार्ग नव्हता.

या दोन्हींच्या मधला रस्ताही आहे: भाग आपण निवडायचे आणि जोडणी दुकानदाराकडून करून घ्यायची. वेळ नसणाऱ्यांना मी हाच सुचवतो. अशा वेळी यादीत फक्त ‘६५० वॅट एसएमपीएस’ असे लिहू देऊ नये. कंपनी आणि मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, आणि हेच मदरबोर्ड व रॅम यांच्या बाबतीतही करावे. बिलावर प्रत्येक भाग त्याच्या अनुक्रमांकासह वेगळा लिहिलेला असावा, कारण पुढे वॉरंटी त्या क्रमांकावर मिळते. रिकामी खोकी, उरलेले स्क्रू आणि एसएमपीएसच्या न लागलेल्या तारा मागून घ्याव्यात, आणि त्या तारांच्या पिशवीवर एसएमपीएसचे मॉडेल लिहून ठेवावे.