लेट्युसने पोट भरत नाही, तरी

बसा, पुढे या, मागे पंखा लागत नाही. मला गच्चीवरच्या बागेवर बोला म्हणून सांगितलंय, पण कुंडीत टोमॅटो कसा लावायचा हे इथल्या निम्म्या काकूंना माझ्यापेक्षा जास्त येतं, म्हणून मी आज तुम्हाला थेट क्युबाला नेतो.

तिकडे सगळा कारभार उसाचा. आपलं सांगली-कोल्हापूर समजा, फक्त अख्खा देशच तसा. साखर सोव्हिएत युनियनला चढ्या भावाने जायची आणि तिकडून तेल, खत, ट्रॅक्टरचे पार्ट, गहू यायचा. 1991 ला सोव्हिएत युनियनच संपलं, आणि अमेरिकेचे निर्बंध तर आधीपासून होतेच. मग काय, डिझेल नाही म्हणून ट्रॅक्टर उभे, शेतात पिकलं तरी राजधानी हवानापर्यंत आणायला ट्रक नाही, आणलंच तर ठेवायला वीज नाही. रेशनचं कार्ड 1962 पासून होतं, लिब्रेता म्हणतात त्याला, पण दुकानात माल तर पाहिजे ना! लोक अक्षरशः वाळले. 1992-93 मध्ये तर माणसांना अचानक अंधुक दिसायला लागलं, 50 हजारांच्या आसपास केसेस, आणि बी व्हिटॅमिन कमी पडणं हे त्यातलं मोठं कारण, शेवटी सरकारला देशभर व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटाव्या लागल्या.

तेव्हा हवानातल्या लोकांनी पडक्या इमारतींच्या जागा, कचऱ्याचे प्लॉट साफ करून भाजी लावायला घेतली. आता तिथे माती कुठली, नुसता राडारोडा. मग विटा, काँक्रीट, जुने पत्रे, जे मिळेल त्याच्या कडा करायच्या आणि मध्ये शेणखत, कंपोस्ट, साखर कारखान्याची मळी भरायची. ऑर्गानोपोनिको म्हणतात याला. गंमत अशी की आधी तिथे हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीशिवाय, पाण्यात केमिकल्स घालून भाजी वाढवायच्या टाक्या होत्या, त्यांची केमिकल्स बाहेरून यायची, ती बंद झाली तर त्याच टाक्यांत खत-माती ओतली! किडीला कडेने मका, झेंडू, आणि हो, आपला कडुनिंब पण.

हवानाचं अलामार नावाचं उपनगर आहे, सोव्हिएत पद्धतीच्या ठोकळा बिल्डिंगा, आपल्या म्हाडाच्या कॉलनीत फिरल्यासारखं वाटेल. तिथे 1997 ला मूठभर लोकांनी सहकारी शेती सुरू केली, पुढे ती दहा-अकरा हेक्टरची झाली, शंभराच्या वर माणसं कामाला, आणि भाजी गेटवरच विकायची, म्हणजे ट्रकचा प्रश्नच मिटला.

पण आता जरा खरं बोलू. हे ऐकून लोक लगेच म्हणतात क्युबा स्वयंपूर्ण झाला. नाही हो. गहू आणि बराचसा तांदूळ बाहेरूनच येत राहिला, आजही येतो. वाफ्यात लेट्युस, चार्ड (पालकासारखी पालेभाजी), मुळा, कांद्याची पात होते, भात होत नाही. ताटातला हिरवा भाग शहर पिकवू शकतं, भाकरी नाही, आणि जो तुम्हाला गच्चीवर भाकरी पिकवून दाखवतो म्हणेल त्याला कोर्सची फी देऊ नका.

मग तिथे जे जमलं ते कशामुळे, तर माझ्या मते खतामुळे नाही, जागेमुळे. पडीक जागा कसणाऱ्याला फुकट वापरायला मिळाली, मालकी सरकारचीच पण पिकवायचा हक्क तुमचा, आणि 1994 पासून बाजारात विकायलाही मोकळीक.

आपल्याकडे बघा. लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, भेंडी दिसते ना? ती रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' स्कीममधून सुरू झाली. पट्टा रेल्वे कर्मचाऱ्याच्या नावावर मिळायचा, पण वाकून निंदणारा बऱ्याचदा दुसराच, कुठून तरी पोटासाठी आलेला. पाणी बाजूच्या नाल्याचं, म्हणून आपण नाक मुरडतो. अरे पण त्याला चांगलं पाणी देणार कोण, त्याच्या नावावर कागदच नाही! आणि इथे आपण ज्यांच्याकडे गच्ची आहे, फ्रीज भरलेला आहे, ते कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुश्यावर, चर्चा करतोय, मी पण त्यातलाच.

चला, प्रश्न विचारा आता. फक्त मिलीबगवर, म्हणजे त्या पांढऱ्या पिठ्या किडीवर, कोणी विचारू नका, तो माझ्याही जास्वंदीवर आहे.