तो हा नव्हेच!

संयोजकांनी पत्रिकेवर ‘रिबूट आणि प्रेक्षक’ असा भारदस्त विषय छापलाय. रिबूट म्हणजे जुनीच चित्रमालिका पहिल्यापासून नव्याने सुरू करणं. मला खरं म्हणजे कुरकुरीवर बोलायचंय. नवा जेम्स बाँड आला की आपण कुरकुरतो, आणि माझं म्हणणं असं की ही कुरकूर तिकिटातच धरलेली असते. तिच्याशिवाय बाँड बदलताच येत नाही. हे मी शेवटी सिद्ध करणार आहे. वेळ उरला तर.

आधी एक योगायोग, कारण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिला बाँडपट लंडनमध्ये झळकला ५ ऑक्टोबर १९६२ला. तीनच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, दिल्लीत अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. तिकडे एका भूमिकेत पुढे सहा नट आले, इकडे एकटे पणशीकर पाच रूपांत, तेही फिरत्या रंगमंचावर. नाटकातल्या भामट्या लखोबाला कोर्टात साक्षीदार म्हणतात ‘हाच तो’, आणि तो कानांवर हात ठेवतो. बाँडचं उलटं. नट बिचारा सांगतोय मीच तो, आणि आपण सगळे साक्षीदार एका सुरात, तो हा नव्हेच! (हशा)

हे पहिल्यापासून आहे. १९६९मध्ये पहिल्या बाँडच्या, कॉनरीच्या जागी लॅझेनबी आला, तेव्हा खुद्द चित्रपटातच त्याच्या तोंडी, आधीच्या गड्यावर अशी वेळ कधी आली नव्हती, अशा अर्थाचं वाक्य घातलं होतं. १९७३मध्ये मूर आला, तर म्हणे फारच गुळगुळीत. पुढे तोच मूर १९८३मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, उदयपुरात रिक्षातून पळाला, टेनिसपटू विजय अमृतराजने टेनिसच्या रॅकेटने गुंड बडवले, आणि आपण शिट्ट्या मारल्या. तोवर तो आपला झाला होता.

आता २००५. डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं. टेम्स नदीतून नौदलाच्या स्पीडबोटीवरून त्याला वाजतगाजत आणला. गडी अंगात लाइफ जॅकेट घालून आला. झालं! तिकडच्या वर्तमानपत्रांनी धू धू धुतला. हा काय बाँड? लाइफ जॅकेट घालतो! हे पुण्यात समजावून सांगायची गरज नाही. हेल्मेट घातलेल्या माणसाकडे आपणही असंच बघतो. (हशा, टाळ्या) शिवाय केस पिंगट. त्याच्याविरुद्ध बहिष्काराची हाक देणारी वेबसाइटसुद्धा निघाली होती, आणि चित्रपटाचं एक दृश्यही तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

क्रेगचा तो पहिला बाँडपट, ‘कसिनो रोयाल’, मी पुण्यातल्या एका चित्रपटगृहात पाहिला. नाव घेत नाही. शेजारी एक काका. राहुलला, अलकाला, वेस्ट एंडला जुने बाँड पाहिलेले, आणि ते त्यांनी मला जाहिराती संपायच्या आत सांगून टाकलेलं. पहिली दहा मिनिटं त्यांचं निरीक्षण चालू. मग निकाल आला. “हा बाँड नाही हो. बाँडचा ड्रायव्हर आहे.”

इथे माझी जुनी तक्रार येते. या चित्रपटाला मध्यंतर नाहीच मुळी. दिग्दर्शकाने ते ठेवलेलं नाही. पण आपल्याकडे समोसे खपायला हवेत. पोकरचा डाव रंगलाय, टेबलावर पैशांचा ढीग, समोरचा पत्ते उचलतोय, आणि फट्‌दिशी दिवे लागले! मी अक्षरशः ओरडलो. मागून कुणीतरी ‘शांतता’ म्हणालं, म्हणजे ऐका, मध्यंतरात शांतता! आमच्या नाटकात मध्यंतर कसं लेखकाने बेतलेलं असतं, पडदा पडतो तो कुठल्यातरी वाक्यावर पडतो. इथे ऑपरेटरच्या मनात आलं की मध्यंतर. यावर मी एक वेगळं व्याख्यान द्यायला तयार आहे, कुणी बोलावलं तर. असो. समोसा खात काकांनी मला कॉनरीचे भुवया उडवण्याचे तीन प्रकार करून दाखवले.

मध्यंतरानंतर तो बाँडच्या छळाचा, खुर्चीचा प्रसंग. बसायची जाळी कापून काढलेली वेताची खुर्ची. ज्यांनी पाहिलाय ते आत्ताही सावरून बसले, दिसतंय मला. काकांनी पाय जवळ घेतले आणि पुढे शेवटपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. शेवटच्या वाक्याला पहिली टाळी त्यांची. आणि बाहेर पडताना? “बाकी ठीक. केस मात्र...”

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. बरं, मग सिद्धान्त झटपट सांगतो.

दिग्दर्शक मार्टिन कॅम्बेलने क्रेगला बाँड म्हणून आपल्या हातात आयता ठेवला नाही. या चित्रपटात बाँडला करामती यंत्रं पुरवणारा क्यू नाही, बॉसची सेक्रेटरी मनीपेनी नाही. मार्टिनी कशी हवी विचारलं तर हा बारवाल्यावर खेकसतो. ती प्रसिद्ध धून पूर्ण वाजते ती अगदी शेवटी, आणि ‘बाँड, जेम्स बाँड’ हे तर चित्रपटातलं शेवटचं वाक्य. म्हणजे दोन-सव्वादोन तास ‘तो हा नव्हेच’ असं आपण म्हणायचं, हीच योजना! कुरकुरीला जागा ठेवली आणि मग ती वसूल केली. २००२च्या चित्रपटात अदृश्य गाडीपर्यंत मजल गेली होती. तिथे आपल्याला कुरकुरायलाही काही उरलं नव्हतं, नुसतं हसू आलं.

बाँडच्या बॉसच्या, ‘एम’च्या भूमिकेतली जुडी डेंच तेवढी मागच्या संचातली ठेवली. त्यावर पंडित अजून भांडतात, गोष्ट पहिल्यापासून तर बॉस जुनी कशी? आपण नाटकवाले भांडत नाही. ‘नव्या संचात’ अशी जाहिरात आली तरी एखादा जुना नट त्यात असतोच, त्याच्या भरवशावर तर आपण तिकीट काढतो.

आता २०२५पासून बाँडपटांची सूत्रं ॲमेझॉनकडे, पुढच्याच्या दिग्दर्शनाला डेनी विलनव्ह. कुरकूर सुरू झालेली आहेच, ती चालू द्या. २०२१च्या चित्रपटात बाँड मेला, म्हणून माझ्या ओळखीचे लोक अजून हळहळतात. श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर स्पष्ट लिहिलंय की जेम्स बाँड परत येईल. पण ते वाचणार कोण? आपण तोवर पार्किंगमध्ये, स्कूटर आधी कुणाची निघणार यावर वाद घालत होतो.