प्यायलेलं आणि टिकलेलं

(पडद्यावर: वजनकाट्याचा आकडा, अगदी जवळून)

६४.० किलो. अंगावर मोजके कपडे, पाय अनवाणी. आता ही धावपटू तासभर पळणार आहे आणि मध्ये पाण्याला शिवणारही नाही. रोज असं करायचं नसतं. घामात किती पाणी गेलं याचा हिशेब सोपा राहावा म्हणून आजच्यापुरतं तिनंच ठरवलंय.

(पडद्यावर: मानेवरून ओघळणारा घाम, संथ गतीत)

हा थेंब बघा. आपल्या त्वचेत अशा वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. राबणाऱ्या स्नायूंची उष्णता रक्त वाहून त्वचेपाशी आणतं आणि घाम ती घेऊन हवेत उडून जातो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण त्यासाठी तो अंगावर सुकायला हवा. कॅमेऱ्याला इतका देखणा दिसणारा हा थेंब हनुवटीवरून खाली पडला, म्हणजे पाणी गेलं आणि गारवाही मिळाला नाही.

(पडद्यावर: वाळत घातलेला काळा टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या रेघा)

आणि हे मीठ.

ग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो जवळपास रक्तद्रवाइतकाच खारट असतो. वर येताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम परत ओढून घेतात. घाम सावकाश येत असेल तर बरंच मीठ वाचतं. धारा लागल्या की भिंतींना तेवढा वेळच मिळत नाही. उन्हात सरावलेलं शरीर यात चांगलंच कंजूष होतं. म्हणून एकाच्या लिटरभर घामात सोडियम अर्धा ग्रॅम, तर दुसऱ्याच्या घामात दीड ग्रॅमच्याही वर. काळा कपडा घाला, वाळू द्या, आपण कुठल्या गटातले ते प्रयोगशाळेविना थोडंफार कळतं.

(पडद्यावर: वजनकाटा पुन्हा)

६२.९. एक किलो शंभर ग्रॅम कमी. चरबी वगैरे काही नाही, हे जवळजवळ सगळं पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर धरायचं.

मग १.१ लिटर पाणी प्यायलं की फिटलं?

(पडद्यावर: ग्लास, घटाघटा पिणारा गळा)

ग्लास रिकामा होतो तोवर चेहरा बघा, तहान गेलेली आहे. पाणी अजून रक्तात फारसं पोचलेलंही नाही, पण तोंडानं, घशानं आणि जठरानं मेंदूला निरोप धाडलाय. थोड्या वेळानं ते पाणी रक्तात उतरतं आणि रक्त पातळ होतं. मेंदूतले संवेदक हा पातळपणा टिपतात, पाणी धरून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी होतं आणि मूत्रपिंडं दारं उघडतात. शरीरात एकूण पाण्याची तूट असतानाच!

(पडद्यावर: मोजपात्रांची रांग, भिंतीवरचं घड्याळ)

या टेबलापाशी आम्ही चार तास बसून होतो. दर तासाला लघवीचं एक पात्र. दृश्य सोज्वळ नाही, पण पाणी किती प्यायलं यापेक्षा किती टिकलं हे इथंच कळतं.

१९९६ मध्ये शिरेफ्स आणि मॉन या संशोधकांच्या गटानं हेच मोजलं. घामात गेलं त्याच्या निम्मं, तेवढंच, दीडपट आणि दुप्पट पेय देऊन पाहिलं, कधी कमी सोडियमचं, कधी जास्त. ‘तेवढंच’ पिणाऱ्यांची तूट भरली नाही, कारण लघवी थांबत नाही. आणि सोडियम कमी होतं तेव्हा दुप्पट पिऊनही काही तासांनी ते टिकलं नाही. दीडपट आणि पुरेसं मीठ, हे दोन्ही जुळलं तेव्हा टिकलं. म्हणजे हिच्यासाठी साधारण १.६५ लिटर, तेही एका दमात नको, दोन-चार तासांत विभागून.

(पडद्यावर: आतड्याच्या भिंतीचं रेखाचित्र, हलतं)

आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन जोडीनं आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. ही जोडीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथं मांडली. जुलाबावरच्या जलसंजीवनीच्या पुडीमागे तीच आहे. मात्र साखर जास्त झाली की पेय जठरातच रेंगाळतं. गोड म्हणजे ताकद, हा समज इथं उलटतो.

(पडद्यावर: रंगीत बाटल्या, मागून प्रकाश)

१९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉल खेळाडूंसाठी गेटोरेड हे क्रीडापेय बनवलं, तिथून हा बाजार वाढला. बाटल्या चित्रात फार छान येतात, म्हणून घेतल्या. पण अशा बहुतेक पेयांतलं सोडियम बऱ्याच जणांच्या घामातल्यापेक्षा कमीच असतं. तासाभराच्या आतल्या बेताच्या व्यायामाला तर त्यांची गरजच नाही.

(पडद्यावर: जेवणाचं ताट, शेजारी पाण्याचा ग्लास)

हे चित्र साधं आहे, आम्हाला जास्त पटलेलं हेच. नेहमीच्या जेवणात मीठ असतंच. त्याच्यासोबत पाणी प्यायलं की ते धरून ठेवायची सोय झाली. दूधही साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतं.

उलट टोकही आहे: घामापेक्षा किती तरी जास्त नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर घसरतं, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये ते कमी आढळलं आणि त्याच शर्यतीत एका धावपटूचा त्यानं मृत्यू झाला.

(पडद्यावर: सकाळचा उजेड, अनवाणी पाय काट्यावर)

दुसरा दिवस. ६३.९.

ती बुटाच्या नाड्या बांधते. आज बाटली सोबत आहे.