माइक खाली येतो तेव्हा

मंडळी, नमस्कार.

संगीत महोत्सवाला माणूस जातो तो गाण्यांसाठी. मीही त्यासाठीच गेलो होतो. परत आलो तो मात्र एका तंबूतला वाद डोक्यात घेऊन.

दुपारची वेळ होती. पलीकडच्या मोठ्या मंचावर साउंड चेक चाललेला, त्यामुळे दर दोन वाक्यांनी ड्रमचा दणका बसायचा. तंबूत गवतावर शे-दीडशे माणसं बसली होती आणि विषय होता निर्वासितांचा. वक्त्या बाईंचं बोलून झालं आणि माइक खाली लोकांत आला. चिखलाने भरलेले बूट घातलेला एक मध्यमवयीन माणूस उठला. म्हणाला, "आमच्याकडची बस बंद झाली, दवाखाना बंद झाला. तेव्हा कोणी आलं नाही. आणि आता मला मन मोठं करायला सांगताय?" लोकांनी हुर्यो केली. सूत्रसंचालन करणारी मुलगी विशीतली असेल. तिने हात वर केला आणि एवढंच म्हणाली, "त्यांचं पुरं होऊ द्या." मग वक्त्या बाईंनी त्याला विचारलं, दवाखाना कधी बंद झाला? पुढची दहा मिनिटं ते दोघंच बोलत होते. ड्रम वाजला की थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. एकमत झालं नाही. पण त्या माणसाला घालवून देऊन तंबू पुन्हा एका सुरात गायला लागला नाही, हे मला फार मोठं वाटलं.

मोठ्या मंचाची ताकद मला कमी लेखायची नाही. 11 सप्टेंबर 1988 ला एस्टोनियात, तालिनच्या गीत महोत्सवाच्या मैदानावर अंदाजे 3 लाख लोक जमले होते. देशाची लोकसंख्या जेमतेम 15 लाख! गाण्यांबरोबर भाषणं झाली, सोव्हिएत सत्ता असताना स्वातंत्र्याची मागणी उघडपणे मांडली गेली, आणि 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला. आजही वाचताना अंगावर काटा येतो. तरी तो एका सुरात उठलेला आवाज होता. संवादाला दुसरा सूर लागतो.

अमेरिकेतल्या 1969 च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात तो दुसरा सूर क्षणभर दिसला. चार लाखांच्या आसपास तरुण ज्याच्या शेतावर जमले, तो मॅक्स यासगर दूधधंदा करणारा, रिपब्लिकन विचारांचा शेतकरी. शेजाऱ्यांचा विरोध पत्करून त्याने जमीन भाड्याने दिली होती. तो मंचावर बोलायला उभा राहिला आणि त्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पोलंडमध्ये येझी ओव्ह्शाक यांनी 1995 साली सुरू केलेल्या महोत्सवात तर यासाठी वेगळा तंबूच असतो. रुग्णालयांच्या उपकरणांसाठी हिवाळ्यात पैसे गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार मानायला हा महोत्सव भरतो, आणि प्रवेश मोफत असतो. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेले लेक वालेसाही तिथे तरुणांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला येऊन गेले. मोफत प्रवेश मला कळीचा वाटतो. तिकीट महाग झालं की आत एकाच थरातली माणसं उरतात, मग वाद घालायला दुसरी बाजू येणार कुठून? इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाच्या 'लेफ्ट फील्ड' तंबूत दिवसा चर्चा आणि संध्याकाळी गाणी असतात. कल्पना छान आहे, पण 'लेफ्ट' म्हणजे डावे, नावातच बाजू ठरलेली आहे, याची मला चुटपुट लागते.

सभागृहातल्या परिसंवादाला आपण आपली मतं घेऊनच जातो. महोत्सवात तीन दिवस एकाच चिखलात राहतो, पाण्याच्या एकाच रांगेत उभे राहतो. ज्याच्याशी दुपारी वाद घातला, तोच रात्री शेजारी उभा राहून तेच गाणं म्हणत असतो. म्हणून तिथे माणूस थोडं जास्त ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे. आपल्या पुढच्या संगीत संमेलनात एक तास असा ठेवा. विषय आपल्यातच मतभेद असलेला निवडा, आणि सूत्रसंचालन तरुणांकडे द्या. जागा छोटी असली तरी चालेल. माइक मात्र दोन लागतील, एक वर आणि एक खाली लोकांत.